पास कुणाला द्यायचा?

परीक्षा संपली की नायगावच्या चाळीत काय दृश्य असतं? खाली दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत रबरी चेंडू, आणि वर कुणाच्या तरी घरी टीव्हीसमोर चारपाच डोकी. दोघांच्या हातात कंट्रोलर, बाकीचे सल्ला देणारे! ‘अरे, पास दे ना!’ हे वाक्य मात्र खाली आणि वर सारखंच ऐकू येतं.

पण पास द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? बटण दाबलं की पास जातो, हे तर शेंबडं पोरही सांगेल. कुणाला, कधी आणि का, ही खरी गंमत. आज तीच समजून घेऊ.

पळणारा दमतो, चेंडू दमत नाही

नवखा खेळाडू कसा ओळखायचा? तो पळण्याचं बटण दाबून धरतो आणि नाकासमोर गोलाकडे धावत सुटतो. एकाला चकवतो, दुसऱ्याला चकवतो, तिसरा चेंडू काढून घेतो.

फार पूर्वी खरं फुटबॉलही असंच खेळलं जायचं, बरं का! 30 नोव्हेंबर 1872 रोजी ग्लासगोमध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडचे खेळाडू धिप्पाड. चेंडू पायात आला की एकट्यानं पळत सुटायचं, हा त्यांचा खाक्या. स्कॉटलंडचे गडी अंगानं हलके. धक्काबुक्कीत निभाव लागणार नाही हे ओळखून ते एकमेकांना पास देत खेळले. सामना 0-0 असा बरोबरीत सुटला, पण दुबळ्यांनी बलवानांना रोखलं ते पासच्या जोरावर. पुढे सगळं जग तसंच खेळू लागलं.

कारण साधं आहे. माणूस कितीही वेगानं पळाला तरी चेंडू त्याहून वेगानं जातो.

त्रिकोणाची जादू

एका खेळाडूकडे चेंडू असेल तर त्याला पास द्यायला किमान दोन जागा हव्यात. म्हणजे तिघांचा त्रिकोण झाला. समोरचा एक वाट अडवील, दोन्ही कशा अडवणार? चांगला संघ मैदानभर असे त्रिकोण मांडत जातो.

दुसरी युक्ती भिंतीची. चाळीच्या अरुंद जागेत खेळणाऱ्यांना ती न शिकवताच येते. समोर गडी आला की चेंडू भिंतीवर मारायचा, स्वतः बाजूनं पळायचं आणि परत आलेला चेंडू पुढे गाठायचा. मैदानात भिंतीचं काम सोबती करतो. फुटबॉलवाले त्याला ‘वन-टू’ म्हणतात.

तिसरा आहे थ्रू पास. हा सोबत्याच्या पायात द्यायचा नसतो. तो दोन सेकंदांनी जिथे पोहोचेल त्या रिकाम्या जागेत द्यायचा. प्ले-स्टेशनच्या फुटबॉल गेममध्ये त्याचं बटण त्रिकोणाचं असतं. ते सारखं दाबणारे खूप भेटतील. पण सोबती पळायला लागण्याआधी दाबलं तर चेंडू थेट शत्रूच्या पायात! आणि फार उशीर केला तर? ऑफसाइड!

बचाव म्हणजे कबड्डी

आता दुसरी बाजू पाहू. चेंडू त्यांच्याकडे आहे, तुम्ही काय कराल? बहुतेक जण बचावातला जवळचा गडी चेंडूवर सोडतात. इथेच घात होतो. तो जागा सोडून पुढे आला की त्याच्या मागे मोठं भगदाड पडतं, आणि थ्रू पास नेमका तिथूनच जातो.

नायगाव-परळ-लालबागच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. कबड्डीत चढाई करणारा आला की कोपऱ्यातला गडी एकटाच त्याच्यावर झेप घेतो का? नाही! तो अंतर राखतो, शेजारच्याशी साखळी धरतो, चढाईपटूला आत येऊ देतो आणि मग पकड होते. फुटबॉलमध्येही तेच. एकानं वाट अडवायची, दुसऱ्यानं त्याच्या मागची जागा सांभाळायची. चेंडूकडे पाहणं सोपं असतं, रिकाम्या जागेकडे पाहणं शिकावं लागतं.

पारडं झुकलं तर?

समजा, एखादी युक्ती अशी सापडली की तिच्यावर उतारच नाही. मग? 1993 साली आलेल्या पहिल्या ‘फिफा’ गेममध्ये असंच होतं. गोलकीपर चेंडू लाथाडायला निघाला की त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं. चेंडू अंगावर आपटून गोलात! दोनचार वेळा हसू येतं. पण दर वेळी तेच व्हायला लागलं तर समोरचा कंट्रोलर ठेवून निघून जाईल. मग जिंकणार कुणाशी?

पुढे उलट दुखणं जडलं. बचाव फार सोपा झाला. एक बटण दाबून धरलं की बचावपटू आपोआप चेंडूच्या मागे लागायचा. म्हणून 2011 मध्ये आलेल्या ‘फिफा 12’ मध्ये बचावाची नवी पद्धत आणली. अंतर राखायचं, वाट अडवायची आणि वेळ साधून चेंडू काढायचा. पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली, पण बचावालाही डोकं लागू लागलं.

खऱ्या मैदानावरही असं पारडं वारंवार सावरावं लागलं आहे. 1925 पर्यंत ऑफसाइड टाळायला पुढच्या खेळाडूच्या समोर प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन गडी लागत. त्या वर्षी तिनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात 1192 गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात 1703 झाले! मग बचाववाले गप्प बसतील? आर्सेनलचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक गडी मागे ओढून तिसरा बचावपटू केला.

1990 च्या विश्वचषकात तर सामन्यामागे सरासरी 2.21 गोलच झाले. आघाडी मिळाली की चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा, त्यानं तो हातात धरायचा आणि वेळ काढायचा. 1992 साली नियम झाला की सोबत्यानं मुद्दाम पायानं मागे दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. संपला रडीचा डाव!

आपल्या कबड्डीतही पाहा. मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर एक जादा गुण मिळतो. त्याला ‘सुपर टॅकल’ म्हणतात. हरत आलेल्या संघालाही आशा राहावी म्हणून ही सोय.

मुंबईकरांचा धडा

2020-21 च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटीनं साखळीतलं अव्वल स्थान आणि करंडक अशी दोन्ही बक्षिसं जिंकली. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा संघ चेंडू आपल्याकडे राखून, पास देत खेळायचा. मधल्या फळीत अहमद जाहू सूत्रं हलवायचा. 13 मार्च 2021 ला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना होता. नव्वदावं मिनिट, गुणफलक 1-1. ओगबेचेनं गोलकीपरवर दडपण आणून चेंडू मिळवला. गोल करण्याचा मोह कुणाला होणार नाही? पण त्यानं चेंडू बिपिन सिंगला दिला. बिपिननं गोल केला आणि मुंबई जिंकली!

2023 मध्ये चीनच्या हांगझो एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स पहिल्यांदाच पदकांसाठी खेळले गेले आणि त्यात फुटबॉलही होतं. तेव्हा पडद्यावरचा खेळ म्हणजे नुसता टाइमपास, असं आता कुणी म्हणू नये. अभ्यास बुडवून खेळा, असा मात्र याचा अर्थ नाही हं!

करून पाहा

1. एक सामना पळण्याचं बटण न दाबता खेळा. पास आपोआप सुचू लागतील.
2. गोल करण्याआधी किमान पाच पास, असा घरचा नियम करा.
3. धाकटा भाऊ किंवा बहीण सारखी हरत असेल तर तुमची हुकमी युक्ती एक दिवस बंद ठेवा. ती नसताना जिंकता आलं, तरच तुम्हाला खेळ आला असं समजा!