एका रात्रीत बदललेली गाडी

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. चालवतो ती स्कूटर, आणि तीही अलीकडे कमीच. तेव्हा विजेवरच्या मोटारींबद्दल मी बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मध्यंतरी न्यू जर्सीला भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. तिथे एका सकाळी जे घडलं, त्यानंतर हा विषय डोक्यातून जाईना.

भाच्याकडे विजेवरची गाडी आहे. कुठल्या कंपनीची, ते इथे महत्त्वाचं नाही. हायवेवर ती दोन कामांत मदत करते. पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळते आणि लेनच्या मधोमध राहावं म्हणून स्टिअरिंग हलकेच वळवते. त्या सकाळी सूनबाई गाडी चालवत होती, मी मागे तिच्या मुलाशेजारी. हायवे सोडायच्या फाट्यावर तिनं रोजच्यासारखं स्टिअरिंग हातानं वळवलं. असं वळवलं की दोन्ही मदती बंद पडायच्या आणि वेग आपोआप उतरायचा. विजेच्या गाडीत पॅडलवर पाय नसला की मोटर उलटी वीज तयार करू लागते, आणि कुणी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी मंदावते. त्या दिवशी गाडी मंदावलीच नाही. होत्या त्या वेगानं ती गोल वळणात शिरली. सूनबाईनं करकचून ब्रेक दाबला. मुलाच्या हातातला डबा उडून माझ्या मांडीवर आला. कुणाला काही लागलं नाही, एवढंच.

‘‘मामू, घाबरलात ना?’’ तिनं विचारलं. तिचेच हात थरथरत होते.

संध्याकाळी भाचा म्हणाला, ‘‘रात्री अपडेट आलं होतं. मीच टाकलं.’’ नव्या रचनेत स्टिअरिंग हातानं वळवलं तर फक्त स्टिअरिंगची मदत बंद होत होती, वेगाची चालूच राहत होती. गाडीच्या पडद्यावर तसं लिहूनही आलं होतं. त्यानं ते वाचलं, बरं वाटलं, बटण दाबलं आणि झोपला. सकाळी गाडी घेऊन गेली ती सूनबाई.

ही अपडेटं येतात कशी, ते थोडक्यात सांगतो. गाडीभोवती कॅमेरे असतात, काहींत रडारही. ते रस्ता पाहतात, आतला संगणक त्याचा अर्थ लावतो आणि ब्रेकला, स्टिअरिंगला हुकूम सोडतो. किती अंतरावरून ब्रेक लावायचा, हात स्टिअरिंगवर नसेल तर किती वेळानं टोकायचं, हे सारं लोखंडात नाही, लिहिलेल्या सूचनांत असतं. त्या सूचना कंपनी मोबाइलच्या नेटवर्कवरून किंवा घरच्या वायफायवरून बदलू शकते. गाडी उभी असताना हे काम होतं. सकाळी गाडी दिसायला तीच, वागायला वेगळी.

माझ्या कवितासंग्रहात चूक राहिली, तर शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवावं लागतं, आणि विकल्या गेलेल्या प्रती तशाच राहतात. इथे विकलेली प्रतसुद्धा वाचकाच्या कपाटात बदलते! मला आधी याचा हेवाच वाटला.

आणि हेवा वाटावा असं त्यात आहेही. टेस्ला कंपनीनं ऑक्टोबर २०१५ मध्ये असंच सॉफ्टवेअर पाठवून, वर्षभर आधीपासून विकलेल्या गाड्यांना लेनमध्ये स्वतः स्टिअरिंग सांभाळायला शिकवलं. मे २०१८ मध्ये एका ग्राहक मासिकाच्या चाचणीत त्यांच्या ‘मॉडेल ३’ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले. ब्रेकचं सॉफ्टवेअर बदलून पाठवलं आणि पुन्हा मोजलं, तर १३३ फूट. एकोणीस फूट म्हणजे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाचा जीव. पानाही न लावता तो वाचला.

पण ज्या वाटेनं दुरुस्ती येते, त्याच वाटेनं चूकही येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या एका चाचणी आवृत्तीनं समोर काही नसताना टकरीचे इशारे दिले, काही गाड्यांनी तर उगाच ब्रेक लावले. ती लगेच मागे घ्यावी लागली. ११ हजार ७०४ गाड्यांची ती गोष्ट. दुसरं उदाहरण मला जास्त खटकतं. अमेरिकेत चौकात ‘थांबा’ असा फलक असला की चाकं पूर्ण थांबवावी लागतात. २०२० पासूनच्या त्यांच्या चाचणी आवृत्तीत मात्र, आसपास कुणी नसेल तर ताशी साडेपाच मैलांच्या वेगानं पुढे सरकायची सोय होती. म्हणजे कायदा मोडायचं माणसाचं वळण गाडीला मुद्दाम लावलं होतं. सरकारी सुरक्षा संस्थेनं डोळे वटारल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये ५३ हजार ८२२ गाड्यांतून ते काढण्याचं ठरलं.

याला तिथे ‘रिकॉल’च म्हणतात. गाडी कुठेही जात नाही, तरी शब्द जुनाच. डिसेंबर २०२३ मध्ये असा रिकॉल वीस लाखांहून अधिक टेस्ला गाड्यांचा झाला. चालकाचं लक्ष रस्त्यावर आहे की नाही यावर पुरेशी नजर नाही, हे कारण होतं. उपाय पुन्हा सॉफ्टवेअरचाच, आणखी इशारे देणारा. पण एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा संस्थेनं त्या उपायाचीच तपासणी सुरू केली. उपाय पोहोचलेल्या गाड्यांचेही अपघात झाले होते आणि त्याचा काही भाग मालकाला सहज परत फिरवता येत होता.

या सगळ्या मदतीत गाडी चालवणारा माणूसच असतो आणि जबाबदारीही त्याचीच. पायाला, हाताला जी सवय लागते, ती महिन्यांनी लागते. ती सवय खोटी पाडायला मात्र एक रात्र पुरते. आपल्याकडेही हे दूर नाही. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या विजेवरच्या गाड्यांत अशा मदती आहेत. टेस्लानं जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दुकान उघडलं. आणि आपल्याकडे एक गाडी घरातली किती माणसं चालवतात, वर पगारी ड्रायव्हर, ते तुम्हाला सांगायला नको. बटण कोण दाबणार आणि वाचून कोण दाखवणार?

भाच्याच्या घरी आता फ्रिजवर एक कागद लावलेला असतो. अपडेट आलं की गाडीत काय बदललं ते तो त्यावर मराठीत लिहितो, आणि सूनबाईनं वाचून खाली सही केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी तिला किल्ली मिळत नाही. ती म्हणते, ‘‘मामू, आता पुढचं अपडेट मीच टाकणार, सही यांनी करायची.’’