गल्ल्यातला ज्ञानकोश

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या मार्गावरील घोडेगाव बहुतेकांना तीन कारणांनी ठाऊक असते : जनावरांचा बाजार, कांद्याचे लिलाव आणि शनिशिंगणापूरकडे वळणारा फाटा. याच गावातील आमच्या आडत दुकानाच्या गल्ल्यात, जुन्या पावतीपुस्तकांखाली, एक तळहाताएवढे काळे यंत्र तीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे. ते गणकयंत्र नव्हे. तो इंग्रजी ज्ञानकोश आहे. सध्या घरोघरी मुलांच्या हातातील मोबाइलवरून जी वादावादी चालते, तिच्या निमित्ताने या यंत्राची हकिकत सांगावीशी वाटली.

१९९३ साली माझे मेहुणे अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांनी ते माझ्यासाठी आणले होते. तिकडे अशा यंत्रांची तेव्हा चलती होती. १९८६ साली तेथील फ्रँकलिन कंपनीने इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग सांगणारे, हातात मावणारे यंत्र बाजारात आणले. पुढे त्याच धर्तीवर शब्दकोश, बायबल आणि संक्षिप्त ज्ञानकोशही निघाले. आमच्याकडे आलेले यंत्र याच जातीचे होते. वर चार ओळींचा करडा पडदा, खाली टंकलेखन यंत्राप्रमाणे मांडलेला इंग्रजी कळफलक, आणि मागे चार बारीक सेल. इंटरनेट नाही, तार नाही, वर्गणी नाही. जे काही ज्ञान होते ते आतल्या चकतीत कायमचे कोरलेले.

मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि एम. कॉम. असल्याचा थोडाफार अभिमानही बाळगून होतो. पहिले दोन दिवस मी त्याच्या कळा समजून घेण्यात घालविले. शब्द लिहून ‘एंटर’ दाबले की नोंद उघडे. बाणांच्या कळांनी एकेक ओळ वरखाली करावी लागे. नोंदीतल्या एखाद्या अपरिचित शब्दावर खूण नेऊन पुन्हा ‘एंटर’ दाबले, की त्या शब्दाची स्वतंत्र नोंद समोर येई, आणि ‘बॅक’ने आपण होतो तेथे परत. आज याचे कोणास अप्रूप वाटणार नाही; परंतु रोजकीर्दीतून खतावणीच्या पानावर आणि खतावणीतून पुन्हा रोजकीर्दीत ये-जा करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आम्हा मंडळींना ही सोय लगेच उमगली. स्पेलिंगातील एखादे अक्षर आठवत नसेल तर तेथे प्रश्नचिन्ह टाकावे, आणि किती अक्षरे विसरलो हेही ठाऊक नसेल तर तारा टाकावा; यंत्र जुळणाऱ्या शब्दांची यादी देई. कानाला जसे ऐकू येते तसे चुकीचे स्पेलिंग केले तरी ते अंदाजाने योग्य शब्दापर्यंत पोहोचवी. अंक हवे असतील तर एक खास कळ दाबून धरून वरच्या रांगेतील अक्षरे दाबायची, आणि दोन मिनिटे काही केले नाही तर यंत्र आपोआप झोपी जायचे. बाईंना, म्हणजे माझ्या आईला, त्याचा हा शेवटचा गुण विशेष आवडला होता. “घरातल्या माणसांपेक्षा शहाणं आहे,” असे त्या म्हणाल्या.

बाईंनीच त्या यंत्राविषयी एक नियम घालून दिला. उष्ट्या हाताने त्यास कोणी शिवायचे नाही, जमिनीवर ठेवायचे नाही. त्यात अक्षरे आहेत, म्हणजे ते पुस्तकच. आणि पुस्तकाला पाय लागणे ही ज्ञानाची आशातना. त्या वर्षी कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीच्या दिवशी, पाटावर सूत्रांच्या पोथ्या, मुलांच्या वह्या आणि दौत-लेखणीशेजारी ते यंत्रही विराजमान झाले. चातुर्मासासाठी गावात आलेल्या साध्वीजींना दाखविण्याचा मोह मला झाला होता. परंतु विजेच्या साधनांना त्या स्पर्श करीत नाहीत. त्यांनी लांबूनच ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की सेल संपल्यावर यातील ज्ञान कोठे जाते? मला उत्तर देता आले नाही. आपल्या श्वेतांबर परंपरेत आगम शतकानुशतके गुरुमुखातून शिष्यमुखात चालत आले आणि वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली ते ग्रंथारूढ झाले, हे ज्यांच्या जिभेवर होते त्यांनी हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविकच होते.

आता मुख्य प्रसंग. माझे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, मराठी चौथी शिकलेले. मोडी लिहीत, तोंडी हिशेब असा करीत की बँकेतले माझे सहकारी थक्क होत. एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती. भाऊंनी यंत्र हातात घेतले, कळांवरून बोट फिरविले आणि मला म्हणाले, “सगळं सांगतं म्हणतोस ना? मग याला बाजरीचं विचार.”

प्रश्न साधा होता. ज्या धान्याची पोती पन्नास वर्षे त्यांच्या काट्यावरून गेली, त्याविषयी बाहेरच्या जगात काय लिहिले आहे हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आणि मला, त्यांच्या पदव्युत्तर चिरंजीवास, बाजरीला इंग्रजीत नेमके काय म्हणतात हे त्या क्षणी आठवेना. मी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबली. यंत्राने विचार केला आणि जवळचा शब्द म्हणून पुढे केला : ‘बझार’. मी तो वाचून दाखविला. भाऊ मोठ्याने हसले. “बाजरी मागितली, बाजार दिला! चला, आपल्या धंद्याचंच सांगितलं.” त्यांनी यंत्र माझ्या हाती दिले आणि पुन्हा कधी मागितले नाही.

ते हसले म्हणून मीही हसलो. परंतु नंतर रात्री मला चैन पडेना. अज्ञान भाऊंचे नव्हते. प्रश्न त्यांच्या भाषेत होता, आणि त्या भाषेसाठी त्या कळफलकावर एकही कळ नव्हती.

तसे पाहिले तर मराठीत ज्ञानकोशांची उणीव कधीच नव्हती. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो आमचा तालुका. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. आणि व्यापारी वाचकांना हे मुद्दाम सांगतो, की त्यासाठी त्यांनी लिमिटेड कंपनी काढून भागभांडवल उभे केले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि पुढे त्याचे २० खंड झाले. आपल्या समाजापुरते बोलायचे तर आचार्य राजेंद्रसूरींचा अभिधान राजेंद्र कोश सात जाडजूड खंडांत रतलामहून छापून निघाला. ज्ञान होते, ते कपाटात होते, आणि कपाट मोठ्या गावात होते. घोडेगावच्या आडतीवर बसलेल्या माणसाच्या हातात मावेल असे ते नव्हते.

मराठी कळफलक मी शिकलो तो बँकेच्या कृपेने, आणि काहीसा उशिरा. शाखेत पूर्वी मराठी टंकलेखन यंत्र होते. त्यावर ऱ्हस्व वेलांटी आधी उमटवायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे असते. संगणकावरील इनस्क्रिप्ट कळफलकात क्रम उलटा, म्हणजे बोलण्याचा : आधी अक्षर, मग वेलांटी. ही मांडणी १९८० च्या दशकात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी ठरविली. तिच्यातील युक्ती एकदा कळली की विसरत नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, तीच कळ शिफ्टसह दाबली की ख, ‘आय’वर ग आणि घ, ‘एल’वर त आणि थ, ‘ओ’वर द आणि ध, ‘एच’वर प आणि फ. शाळेत पाठ केलेली बाराखडीच बोटांखाली येते. पाय मोडण्याची खूण ‘डी’वर. ‘घोडेगाव’ लिहायला कळा सात : शिफ्टसह ‘आय’, मग ‘ए’, डावा चौकोनी कंस, ‘एस’, ‘आय’, ‘ई’ आणि ‘बी’. मला हे साधायला तीन आठवडे लागले. वय पन्नाशीच्या पुढे होते हे लक्षात घ्यावे.

एक अडचण मात्र राहते, आणि ती यंत्राची नसून आपली आहे. संगणक ‘ज्ञ’ हे एक अक्षर म्हणून साठवीत नाही; ज, पाय मोडण्याची खूण आणि ञ अशी तीन चिन्हे ठेवतो. आपण उच्चार करतो ‘द्न्य’, घरात मारवाडी-हिंदीच्या सवयीने ‘ग्य’, आणि मूल ऐकले तसे लिहिते. शोध रिकामा परत येतो. ‘पर्युषण’ आणि ‘पर्यूषण’ ही दोन्ही रूपे आपल्याच पत्रिकांत छापलेली असतात. एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. बँकेत जुन्या खतावण्यांवरून नावे संगणकात चढविली, तेव्हा एकाच चोरडिया कुटुंबाची खाती तीन स्पेलिंगांखाली विखुरलेली मी पाहिली आहेत. पैसे कोठेही गेले नव्हते, पण एकत्र दिसतही नव्हते. ज्ञानाचेही तसेच होते. शुद्धलेखनाचे महत्त्व मास्तरांनी छडीने पटविले नाही इतके मला शोधखिडकीने पटविले.

२०११ पासून मराठी विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर येऊ लागले. पुढच्या वर्षी दिवाळीला मी लॅपटॉप घेऊन घोडेगावी गेलो. भाऊ तेव्हा ऐंशीच्या घरात होते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर दिसत नसे. मी त्यांना शेजारी बसविले आणि ‘वाय’, ‘ई’, ‘पी’, ‘जे’, ‘आर’ अशा पाच कळा दाबून लिहिले : बाजरी. नोंद उघडली. मी वाचत गेलो, ते डोळे मिटून ऐकत होते. पेरणीचे, कणसाचे, रोगांचे ऐकताना मान हलवीत होते, जणू नोकराने दिलेला हिशेब तपासावा. बाजरीचे मूळ आफ्रिकेत आहे हे ऐकल्यावर मात्र त्यांनी डोळे उघडले.

“म्हणजे ही इथली नाही?”

“नाही भाऊ. फार पूर्वी बाहेरून आली.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आपणही मारवाडातूनच आलो. आता कोण म्हणतं बाहेरचे?” आणि लगेच, “पुढे वाच.”

भाऊ जाऊन आता बरीच वर्षे झाली.

हातातल्या ज्ञानकोशाचा धंदा त्या सुमारास संपतच आला होता. २००९ मध्ये ओपनमोको या कंपनीने ‘विकिरीडर’ नावाचे सुरेख उपकरण ९९ डॉलरला काढले होते. इंग्रजी विकिपीडियातील तीस लाखांवर नोंदी, दोन सेल, स्पर्शाच्या पडद्यावरच कळफलक, आणि समोर फक्त तीन कळा : एक शोधण्याची, दुसरी आधी काय वाचले ते दाखविणारी, तिसरी वाटेल ती नोंद उघडणारी. ही तिसरी कळ मला फार आवडते. विश्वकोशाचे पान सहज उघडून वाचत बसण्याचा आनंद तीत आहे. पण खिशातल्या फोनपुढे स्वतंत्र उपकरण कोण विकत घेणार? २०१४ मध्ये ते बंद झाले.

आणि येथे आजच्या घराघरातील प्रश्न येतो. टाळेबंदीत शाळेसाठी म्हणून माझ्या नातवाच्या हाती फोन आला तो परत गेला नाही. सूनबाईंची तक्रार रास्त होती : मुलगा माहिती शोधायला बसतो आणि तासाभराने भलत्याच चित्रफितींत सापडतो. फोन काढून घ्यावा तर अभ्यास अडतो. तेव्हा मला गल्ल्यातले यंत्र आठवले. त्याचा दोष समजून हसलो होतो तोच त्याचा गुण होता : त्यात ज्ञानकोशाशिवाय दुसरे काही नव्हते.

आम्ही केले ते असे. घरातला एक जुना फोन घेतला, त्यातले सिमकार्ड काढले आणि सगळी करमणूक पुसून टाकली. त्यावर ‘किविक्स’ हे मोफत अ‍ॅप घातले, आणि त्यामार्फत मराठी विकिपीडिया एकदाच पूर्ण उतरवून घेतला. मग वाय-फायचा पासवर्ड त्या फोनमधून काढून टाकला. आता तो इंटरनेटशिवाय चालतो. लिहिण्यासाठी आयआयटी मुंबईने तयार केलेला ‘स्वरचक्र’ हा मराठी कळफलक बसविला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की भोवती बाराखडीचे चक्र उमलते. का, कि, की, जिकडे हवे तिकडे बोट सरकवायचे. लहान मुलांना तो इनस्क्रिप्टपेक्षा लवकर येतो, हे मला थोड्या नाखुशीने मान्य करावे लागते. मराठी विकिपीडिया कोणीही लिहू व संपादू शकतो, म्हणून महत्त्वाची गोष्ट विश्वकोशाच्या संकेतस्थळावर मोठ्या माणसासोबत पडताळून पाहायची असा नियम केला आहे. खर्च काही आला नाही. भांडणे थांबली असे म्हणणार नाही, पण कमी झाली. पहिले आठ दिवस नातू रुसला होता, त्यानंतर त्याने मला ‘बाबाजी, हत्तीला किती दात?’ असे प्रश्न घालायला सुरुवात केली आणि माझी चांगलीच पंचाईत केली.

बाईंचा उष्ट्या हाताचा नियम या फोनलाही लागू आहे. तो सूनबाईंनीच लावला, मी नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सर्व घोडेगावी जमलो असता नातवाने गल्ला उपसला आणि ते जुने यंत्र बाहेर काढले. सेल पाझरून आतले पत्रे हिरवे झाले होते. ते मी कानसेने घासले, नवे सेल घातले. क्षणभर काहीच झाले नाही. मग करड्या पडद्यावर फिकट काळी अक्षरे उमटली. मी त्याला भाऊंची गोष्ट सांगितली. त्याने लगेच कळा दाबल्या, ‘एंटर’ केले आणि पडदा माझ्यापुढे धरला.

“बाबाजी, बाजारच आलाय अजून.”