केस तीन दिवसांत का गळले?

केस विंचरताना फणीत चार-दोन केस अडकले, तर आपण तिकडे लक्षही देत नाही. देण्याचे कारणही नाही. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळतातच. पण डोक्यावरून नुसता हात फिरवताच केसांचा पुंजका मुठीत आला तर?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात हेच घडू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस राठ होत आणि तीन दिवसांत टक्कल पडे. १८ गावांतील २७९ लोकांना हा त्रास झाला. त्यांत म्हातारे होते तशी मुलेही होती. मुली घराबाहेर पडेनात, काहींची ठरलेली लग्ने मोडली. गावोगावी तर्कांना ऊत आला. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी विहिरीच्या पाण्याला, कोणी बुरशीला.

अशा वेळी वैद्यकशास्त्र शोधाची सुरुवात कोठून करते? पहिला प्रश्न काळाचा असतो. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. शंभरांतले ८५ ते ९० केस कोणत्याही क्षणी वाढत असतात. टायफॉइडसारखा मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक उपासमार झाली, की वाढणारे पुष्कळसे केस एकदमच विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. रोगी म्हणतो, “काल-परवापर्यंत ठीक होतं!” पण खरे कारण दोन-तीन महिन्यांमागे दडलेले असते. म्हणून चांगला डॉक्टर आधी “गेल्या उन्हाळ्यात आजारी होतात का?” असे काहीतरी विचारतो आणि रोग्याला वाटते, की हा भलतेच विचारतो आहे.

दुसरा साक्षीदार म्हणजे गळलेल्या केसाचे मूळ. सूक्ष्मदर्शकाखाली विश्रांतीतल्या केसाचे टोक पांढऱ्या गाठीसारखे दिसते. चाई पडली असेल, तर तिच्या कडेचे केस मुळाशी बारीक आणि वर जाड, अगदी उद्गारचिन्हासारखे असतात. चाईत शरीराची संरक्षक यंत्रणाच केसाच्या मुळावर उलटते. बुरशी, म्हणजे डोक्यातला नायटा, केस मोडतो, चट्टे पाडतो, कोंडा सोडतो, आणि हे सारे आठवडे घेऊन करतो.

आता शेगावकडे वळू. केस गेले ते तीन दिवसांत, आणि शेकडो माणसांचे. बुरशीचा हा वेग नव्हे. पाण्यात क्षार व नायट्रेट जास्त आढळले खरे; पण तो पूर्णेचा खारपाण पट्टा आहे. तिथले पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारेच आहे, मग केस याच हिवाळ्यात का जावेत? इतक्या झपाट्याने केस गळतात ते वाढत्या मुळालाच घाव बसला तर. ते मूळ म्हणजे शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींचा कारखाना. कर्करोगावरील औषधे, किरणोत्सर्ग, थॅलियम आणि सेलेनियम हे सारे तो कारखाना बंद पाडू शकतात.

विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि शिधावाटप दुकानातून मिळालेला गहू यांची तपासणी करवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग्यांच्या रक्तात सेलेनियम नेहमीच्या कित्येक पट होते आणि जस्त कमी होते. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा १३.६१. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. सेलेनियम वरच्या धुळीत असते, तर पाण्याबरोबर गेले असते. ते दाण्याच्या आतच होते, म्हणजे बहुधा पिकाने जमिनीतून शोषलेले. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचे डॉ. बावस्करांचे म्हणणे आहे. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत, हे मृदाशास्त्रज्ञांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे.

थोडे गणित करू. दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या, तर पोटात सुमारे ४ मिलिग्रॅम सेलेनियम जाते. मोठ्या माणसाची रोजची गरज ०.०५५ मिलिग्रॅम, आणि सुरक्षित कमाल मर्यादा ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दहापट! १९६० च्या दशकात चीनमधील एन्शी भागात दुष्काळाने भात गेला. लोकांनी सेलेनियमयुक्त जमिनीत पिकलेला मका व भाजीपाला खाल्ला आणि त्यांचे केस व नखे गळाली. तेथील रोग्यांच्या रोजच्या आहारात सरासरी सुमारे ५ मिलिग्रॅम सेलेनियम होते, असे पुढे दिसून आले. मला तरी हा मेळ गव्हाविरुद्धचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सेलेनियम परके नाही. प्रकाश पडताच त्याचा विद्युतरोध घटतो, हे विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्ये जाहीर केले. आवर्त सारणीत ते गंधकाच्या बरोबर खाली बसते. दोघांचे गुणधर्म सख्ख्या भावांसारखे. केस ज्या केराटीन प्रथिनाचा बनतो, त्याला बळकटी येते ती गंधकाच्या अणूंमधील बंधांमुळे. सेलेनियम फार झाले, की ते गंधकाच्या जागी घुसते आणि केसाची वीण कच्ची पडते, असे मानले जाते.

गव्हाचा वापर थांबवल्यावर काहींचे केस पुन्हा उगवू लागले. मग एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातील काही रोग्यांची नखे वेडीवाकडी होऊन गळू लागली. लोक पुन्हा घाबरले: हा नवा रोग कोणता? नखही केराटीनचेच असते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. डिसेंबरमध्ये मुळाशी पडलेला दोष चार महिन्यांत १२ मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणजे जवळजवळ बोटाच्या टोकाशी येतो.