शंभर एककांची क्रूझर

टेबलावरची रंगवलेली प्रतिकृती दिसायला देखणी, पण खरे जहाज असते खेळाडूच्या हातातल्या कागदावर. चार ओळींत मांडलेल्या चौकटी म्हणजे जहाजाचा सांगाडा. त्यांच्या वर-खाली तोफा, ढाल, इंजिन, नेमयंत्र यांची चिन्हे. फासा पडतो, मारा बसतो, चौकटीवर फुली पडते. शेवटची चौकट गेली की जहाज गेले. एवढ्या साध्या कागदावर ‘हेवी क्रूझर’ नावाचे मधल्या चणीचे, सगळी कामे करू शकणारे जहाज समतोल कसे बांधायचे, हे वरवर करमणुकीचे वाटणारे कोडे खरे तर चांगल्यापैकी गणिती आहे.

अंतराळयुद्धाचे असे खेळ बरेच आहेत. स्टीफन कोल यांच्या 1979 च्या ‘स्टार फ्लीट बॅटल्स’मध्ये खेळाडू दर फेरीला जहाजाची ऊर्जा वाटतो: इतकी वेगाला, इतकी ढालींना, इतकी टॉर्पेडोंना. तिथल्या ‘संघराज्य’ या पक्षाची हेवी क्रूझर ही जणू मोजपट्टीच. बाकीची जहाजे तिच्याशी ताडून पाहिली जातात. पण बांधणीचा हिशेब समजून घ्यायला मला ‘फुल थ्रस्ट’ जास्त सोयीचा वाटतो. जॉन टफ्ली या ब्रिटिश रचनाकाराचा हा खेळ 1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा. 1998 मध्ये आलेल्या त्याच्या ‘फ्लीट बुक’ने प्रत्येक यंत्रणेला वस्तुमान आणि किंमत ठरवून दिली, आणि जहाज बांधणे हे स्वतंत्र व्यसन होऊन बसले.

समजा, आपल्याकडे शंभर एकके वस्तुमान आहे. प्रकाशवेगापलीकडे झेप घेणारे इंजिन दहा टक्के खाते. साध्या इंजिनाला थ्रस्टच्या दर अंकामागे पाच टक्के लागतात, म्हणजे चार थ्रस्टचे वीस. सांगाड्याला तीस. एका पातळीची ढाल पाच, दोन नेमयंत्रे दोन, क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या तीन छोट्या तोफा तीन. सत्तर संपले. उरलेल्या तिसांपैकी सहा चिलखताला देऊ. चोविसांत तिसऱ्या श्रेणीच्या दोन, दुसऱ्या श्रेणीच्या चार आणि पहिल्या श्रेणीच्या चार किरणतोफा बसतात. या जहाजाची किंमत होते 336 गुण. नवख्या खेळाडूचा पहिला धक्का हाच असतो, की शंभरातली तीस एकके नुसते हलता यावे म्हणून जातात आणि भांडायला हाती उरते ते चोवीस.

किरणतोफेचा फासा असा: 1 ते 3 पडले तर काही नाही, 4 किंवा 5 ला एक चौकट, 6 ला दोन आणि वर पुन्हा एक फासा. पुन्हा 6 आला तर आणखी एक. या साखळीची सरासरी काढली तर दर फाशाला 0.8 चौकट येते. समोर एका पातळीची ढाल असेल तर 4 वाया जातो आणि सरासरी 0.63 वर उतरते. दोन पातळ्यांची असेल तर 6 लाही एकच चौकट मिळते आणि सरासरी होते 0.47. बारा एककांच्या अंतराच्या आत, सगळ्या तोफांचा मारा लागू असताना, जितकी श्रेणी तितके फासे या हिशेबाने आपली क्रूझर अठरा फासे टाकते. समोर तिचीच जुळी बहीण असेल तर दर फेरीला साडेअकरा चौकटींच्या आसपास मार बसतो. चिलखत धरून चौकटी छत्तीस. म्हणजे सव्वातीन फेऱ्यांचे आयुष्य.

आता ढालीची खरी किंमत बघा. पहिल्या पातळीमुळे आयुष्य सव्वा पटीने वाढते. म्हणजे पाच एककांची ढाल साधारण साडेनऊ चौकटींचे काम करते. त्याच पाच एककांत चिलखताच्या चौकटी पाचच येतात. दुसरी पातळी आणखी पाच एककांत सोळा चौकटींएवढे काम करते. मग प्रत्येक जण दोन पातळ्यांची ढाल का लावत नाही? कारण पल्स टॉर्पेडो ढालीला जुमानत नाही. चार एककांचा हा टॉर्पेडो सहा ते बारा एककांच्या अंतरात 3 किंवा त्याहून मोठा फासा पडला की लागतो आणि एका फाशाएवढी हानी करतो; सरासरी 2.3 चौकटी. तेवढ्याच वस्तुमानाच्या दुसऱ्या श्रेणीच्या दोन तोफा बिनढालीच्या जहाजावर 3.2 चौकटी मिळवतात, पण दोन पातळ्यांच्या ढालीसमोर 1.9 वर अडकतात. ढाल जाड झाली की शत्रूचे शस्त्र बदलते. त्यामुळे हेवी क्रूझरला एकाच पातळीची ढाल देणे मला शहाणपणाचे वाटते: किरणांपासून बऱ्यापैकी आडोसा मिळतो, आणि टॉर्पेडोवाल्याला आयते गिऱ्हाईकही मिळत नाही.

मारा किती आणि टिकाव किती, या जुन्या भांडणावर फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने 1914 मध्ये गणिताचा हात फिरवला होता. हा माणूस मोटारगाड्या बनवणारा, विमानांचा अभ्यासक. नेम धरून लढणाऱ्या दोन सैन्यांत संख्येचे वजन वर्गाने वाढते, हा त्याचा नियम. एकट्या जहाजाला तो लावला तर असे म्हणता येते की जहाजाची ताकद म्हणजे मारा गुणिले आयुष्य. आपल्या क्रूझरमध्ये तोफांना चोवीस आणि सांगाडा, चिलखत, ढाल मिळून एक्केचाळीस एकके गेली. बेरीज पासष्ट, गुणाकार 984. दोन्हींना निम्मे-निम्मे दिले असते तर 1056. फरक सात टक्क्यांचा. पंचेचाळीस-वीस अशी वाटणी केली तर गुणाकार 900, तरीही फार बिघडले नाही. पंचावन्न-दहा केली की मात्र 550, धाडकन अर्ध्यावर. हा आलेख मध्ये पठारासारखा सपाट आणि टोकांना तुटलेल्या कड्यासारखा आहे. म्हणूनच एकाची क्रूझर दांडगी, दुसऱ्याची चिवट, अशी निरनिराळ्या स्वभावाची जहाजे एकाच टेबलावर बरोबरीने लढू शकतात.

याच गुणाकाराने गुणांच्या किमतीतली गफलतही उघडी पडते. पन्नास एककांची दोन जहाजे आणि शंभराचे एक, मारा आणि चौकटी बेरजेने सारख्याच. पण शत्रूने दोघांपैकी एकाला आधी संपवले की अर्धा मारा गेला. मोठे जहाज चारच्या भावाने लढते तर छोटी जोडी तीनच्या. किंमत मात्र सरळ वस्तुमानाप्रमाणे लावली होती, त्यामुळे अजस्र जहाजे स्वस्त पडत. पुढे खेळाडूंनी तोडगा काढला: मूळ किमतीत वस्तुमानाऐवजी वस्तुमानाचा वर्ग भागिले शंभर धरायचे. शंभराच्या क्रूझरला काहीच फरक पडत नाही, दोनशेच्या जहाजाला मात्र दोनशेऐवजी चारशे मोजावे लागतात.

गुणाकारात एक गोष्ट मावत नाही. चौकटींची एक ओळ संपली की प्रत्येक यंत्रणेसाठी फासा टाकावा लागतो. पहिल्या ओळीनंतर 6 आला तर ती बंद, दुसरीनंतर 5 किंवा 6, तिसरीनंतर 4 पासून पुढे काहीही. म्हणजे तिसरी ओळ संपेपर्यंत कुठलीही एक तोफ शाबूत असण्याची शक्यता फक्त 28 टक्के. नेमयंत्रालाही हाच न्याय. ते नसेल तर धडधाकट तोफाही मुक्या. दोन नेमयंत्रे असलेल्या जहाजाची दोन्ही गमावण्याची शक्यता तोवर 52 टक्क्यांवर गेलेली असते, दुरुस्ती न धरता. तिसरे नेमयंत्र बसवले की ती 38 वर येते, आणि त्याला लागते अवघे एक एकक. पहिल्या श्रेणीची एक तोफ काढून ते बसवा. कुठल्याही नामांकित जहाजाचा कागद हातात आला तर मी आधी तिकडेच बघतो.

खऱ्या समुद्रावरही हेवी क्रूझर जन्माला आली ती अशाच बजेटमधून. 1922 च्या वॉशिंग्टन कराराने क्रूझरला दहा हजार टनांची आणि आठ इंची तोफांची मर्यादा घातली, आणि लगोलग सगळी आरमारे बरोबर त्याच आकड्याला भिडणारी जहाजे बांधू लागली. टनभार संपला की चिलखतावर कात्री. कराराबाहेरच्या जर्मनीवर व्हर्सायच्या तहाने दहा हजार टनांचेच बंधन होते. त्यांनी त्यात, थोडी लबाडी करून, अकरा इंची सहा तोफा बसवल्या. त्यांतलेच ‘ग्राफ श्पे’ 13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ तीन क्रूझरांशी भिडले. आठ इंची ‘एक्झेटर’ला त्याने निकामी केले, पण ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ लचके तोडत राहिल्या. सांगाडा शाबूत होता, इंधन शुद्ध करणारी यंत्रणा मात्र मोडली; चौकटी शिल्लक पण फासा 6, असेच म्हणायचे. चार दिवसांनी जर्मनांनी ते माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच उडवून दिले. यातली ‘अकिलीस’ 1948 मध्ये भारतीय नौदलात ‘दिल्ली’ म्हणून आली आणि 1961 मध्ये दीवच्या मोहिमेतही होती. मधल्या काळात, या लढाईवरच्या 1956 च्या चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली.

‘ग्राफ श्पे’मागचा विचार असा होता, की जे पकडू शकेल त्याला चिरडायचे आणि जे चिरडू शकेल त्याच्यापासून पळायचे. टेबलावर हीच युक्ती सगळ्यात जास्त भांडणे लावते. तिसऱ्या श्रेणीची किरणतोफ छत्तीस एककांपर्यंत पोचते, दुसऱ्या श्रेणीची चोवीसच. सहा थ्रस्टचे, एकाच बाजूला रोखलेल्या तिसऱ्या श्रेणीच्या सहा तोफांचे जहाज तीस एककांवरून, तोफेमागे एकेक असे, सहा फासे टाकते. आपल्या क्रूझरचे तिथून पोचतात दोन. ते जवळ येत नाही, आणि चार थ्रस्टला ते सापडतही नाही. गुणाकार काढला तर हे जहाज सामान्यच, पण जी अठरा फाशांची फेरी आपण हिशेबात धरली होती ती येतच नाही.

त्याला आवर घालते ती टेबलाची कड. सहा फूट बाय चार फुटांच्या टेबलावर एक एकक म्हणजे एक इंच धरला तर मैदान बहात्तर बाय अठ्ठेचाळीस एककांचे होते. पळणारा दोनचार फेऱ्यांत कोपऱ्यात सापडतो. नियम एककाला सेंटिमीटर धरायचीही मुभा देतात. तसे धरले की तेच टेबल 183 बाय 122 एककांचे होते, आणि काही गट तर जहाजे कडेला आली की सगळा पटच मागे सरकवतात. अशा ठिकाणी 336 गुणांची आपली क्रूझर घेऊन बसायचे असेल तर दुसऱ्या श्रेणीच्या तीन तोफा उतरवून तिसऱ्या श्रेणीची आणखी एक चढवावी. जवळच्या माऱ्यातले तीन फासे कमी होतील, तीस एककांवर दोनाचे तीन होतील, आणि एक छदामही जास्त मोजावा लागणार नाही.