सर्व्हर अडला होता की वाचीत होता?

ऑगस्ट २०१९च्या पहिल्या आठवड्यात बेळगाव परिसरात जो पाऊस कोसळला, तो या मासिकाच्या पुष्कळ वाचकांच्या स्मरणात असेल. त्याच पावसात एके सायंकाळी साडेपाचच्या सुमारास आमच्या वाचनालयातील वीज गेली. वीज जाणे ही काही लेख लिहिण्याजोगी घटना नव्हे. परंतु त्या वेळी आतल्या खोलीतील सर्व्हर चालू होता, त्यास आधार देणारी बॅटरी केव्हाच निकामी झाली होती, आणि ती बदलण्याचा ठराव दोन वेळा मंजूर होऊनही इतिवृत्तातच राहिला होता. कार्यकारिणीत आम्हीही होतो. तेव्हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाही.

सर्व्हर म्हणजे देवघेवीच्या मेजावरील संगणकांस माहिती पुरविणारे मुख्य यंत्र. त्यात 'पोस्टग्रेस' नावाची डेटाबेस सांभाळणारी प्रणाली बसविलेली होती. २०११ पर्यंतच्या ग्रंथांच्या दाखल-नोंदवह्या आमच्या कपाटात आहेत. त्यानंतरची पुस्तके, सभासद, देणगीदार हे सर्व केवळ यंत्रात. शिवाय त्या उन्हाळ्यापासून चार-पाच सेवानिवृत्त शिक्षिका रोज दुपारी येऊन जुन्या हस्तलिखित अंकांच्या पानांची छायाचित्रे यंत्रात चढवीत होत्या आणि प्रत्येक लेखाची नोंद करीत होत्या. यंत्रातील माहितीची शेवटची प्रत घेतली होती ती मे महिन्यात. म्हणजे त्यांचे जवळजवळ तीन महिन्यांचे श्रम त्या एका पेटीत अडकले होते. नोंद नाहीशी झाली म्हणजे काय होते, हे सीमाभागातील माणसास निराळे सांगावयास नको.

साडेसातला वीज आली. सर्व्हर सुरू झाला, दिवे लुकलुकू लागले. परंतु मेजावरील संगणकांवर 'डेटाबेस सुरू होत आहे' एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा उमटे. अर्धा तास वाट पाहिली. मग आम्ही आमच्या हाताने सर्व्हरचे बटण दाबून तो बंद केला व पुन्हा सुरू केला. तेवढ्यावर न थांबता आणखी एकदा तसेच केले. हे किती अनुचित होते ते पुढे कळले.

ज्या मंडळींनी ही व्यवस्था बसवून दिली होती, त्यांना कोषाध्यक्षांनी दूरध्वनी केला. पलीकडून सल्ला मिळाला तो असा : 'पीजी-एक्सलॉग' नावाच्या फोल्डरमध्ये सुमारे ९ गिगाबाइटचा पसारा साचला आहे, लॉग म्हणजे नुसत्या यंत्राच्या टिपा, त्या पुसून टाका, सर्व्हर ताबडतोब उठेल. सल्ला सोपा होता, बिनखर्चाचा होता, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात खात्री होती. आम्ही जवळजवळ होकार दिलाच होता. केवळ मनाची चुटपुट म्हणून, शहरातील एका महाविद्यालयाचे संगणक सांभाळणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यास विचारून घेतले. तो भिजतच आला.

"सर, कोणी काही पुसले तर नाही ना?"

"अजून नाही रे. पण कोषाध्यक्षांचे हात शिवशिवताहेत."

"मग त्यांना आधी चहा पाजा. आणि आता बटणाला कोणी हात लावू नका."

त्या रात्री त्याने जे सांगितले ते समजावयास आम्हांस संगणकाचे नव्हे, तर जुन्या हिशेबपद्धतीचे ज्ञान उपयोगी पडले. पेढीवर दोन वह्या असत. दिवसभरातील प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने ज्या वहीत लिहावयाचा ती रोजकीर्द. आणि तोच व्यवहार सवडीने ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवावयाचा ती खतावणी. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहेत. डेटाबेसची रीत नेमकी हीच. आपण एखादे पुस्तक नोंदवून 'साठवा' म्हटले की प्रणाली प्रथम तो बदल आपल्या रोजकीर्दीत लिहिते, तो डिस्कवर पक्का उतरला याची खात्री करून घेते, आणि मगच आपल्यास 'साठविले' असे सांगते. मूळ तक्त्यांत म्हणजे खतावणीत तो बदल मागाहून, सवडीने उतरतो. सर्व खतावून झाले की 'येथवर खतावले' अशी खूण केली जाते. या खुणेला ती मंडळी 'चेकपॉइंट' म्हणतात. सामान्यतः पोस्टग्रेस दर ५ मिनिटांनी अशी खूण करते. लिखाण फार झाले तर त्याआधीही.

मध्येच वीज गेली तर खतावणी अर्धवट राहते. एखादे पान अर्धे नवे, अर्धे जुने असेही होते. तथापि रोजकीर्द शाबूत असते. खुणेनंतर एखाद्या पानास पहिल्याने हात लागतो, तेव्हा ते पानच्या पान रोजकीर्दीत उतरवून ठेवण्याची दक्षताही पोस्टग्रेस घेते. यंत्र पुन्हा सुरू झाले की ते शेवटच्या खुणेपासून रोजकीर्द वाचू लागते आणि राहिलेले सर्व खतावते. हे काम पुरे होईतो ते कोणाशी बोलत नाही. बाहेरच्यास वाटते की सर्व्हर अडला. वस्तुतः तो वाचीत असतो. (ही विद्या शास्त्रशुद्ध पायावर मांडणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी आणि आयबीएमचे तत्कालीन संशोधक चंद्रशेखरन मोहन हे एक प्रमुख होत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' नावाची पद्धती १९९२ साली प्रसिद्ध केली. पोस्टग्रेसची रीत तपशिलात तिच्याहून निराळी आहे, परंतु आधी रोजकीर्द आणि मग खतावणी हे सूत्र दोहोंचे एकच.)

आता त्या 'लॉग'चा अर्थ वाचकांच्या ध्यानात आला असेल. पीजी-एक्सलॉग ही यंत्राच्या टिपांची रद्दी नव्हती, ती रोजकीर्द होती. ती पुसली असती तर अर्धवट खतावणी पुरी करण्याचे एकुलते एक साधन आम्ही आमच्या हाताने नष्ट केले असते. ही चूक जगभर इतक्यांनी केली की, पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी २०१७ साली निघालेल्या १० व्या आवृत्तीत या फोल्डरचे नावच बदलून 'पीजी-वॉल' असे केले. लोक लॉग या शब्दाला फसून ते पुसतात आणि माहिती कायमची गमावतात, असे कारणही त्यांनी नमूद केले. आमच्याकडे होती ९.६ ही जुनी आवृत्ती, आणि तिच्यात जुनेच नाव. आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ शिकविणाऱ्या आम्हांस एका शब्दाच्या अर्थाने असे गाठावे, याची मौज वाटली, अर्थात नंतर.

तरीही प्रश्न उरतोच : वाचीत होता तर इतका वेळ का? आमच्या विद्यार्थ्याने पडद्यावर चालू कामांची यादी काढली. तीत रोजकीर्द वाचणारे एक काम होते आणि त्याच्यापुढे ते सध्या कोणत्या संचिकेवर आहे तिचे लांबलचक नाव दिसत होते. रोजकीर्द १६-१६ मेगाबाइटच्या संचिकांत विभागलेली असते आणि त्यांची नावे ओळीने वाढत जातात. मोजणी मात्र दहाची नव्हे, सोळाची, म्हणजे नवानंतर ए, बी असे एफपर्यंत. नावाची अखेरची दोन अक्षरे त्याने आम्हांस कागदावर टिपावयास सांगितली. '४सी', '४डी', '४ई'... अंक सरकत होते, म्हणजे प्राण होता. '५बी'पर्यंत गेले आणि ते काम यादीतून एकाएकी नाहीसे झाले. काही क्षणांनी पुन्हा दिसू लागले, ते '४सी'वर. आम्ही तीन वेळा टिपले; तिन्ही वेळा '४सी' ते '५बी'.

"सर, पाढा म्हणणाऱ्या पोराला दर दीड मिनिटाने थांबवून 'पुन्हा पहिल्यापासून' म्हटले, तर तो कधी संपेल?"

दीड मिनिट हा आकडा त्याने उगाच घेतला नव्हता. लिनक्स यंत्रावर सर्व सेवा सुरू करणारी 'सिस्टिमडी' नावाची एक व्यवस्था असते. एखादी सेवा ९० सेकंदांत 'मी तयार आहे' असे कळविती झाली नाही, तर ती बिघडली असे समजून ही व्यवस्था तिला मारते, आणि तसे सांगून ठेवलेले असल्यास पुन्हा सुरू करते. रोजकीर्द वाचावयास यापेक्षा फार अधिक वेळ लागू शकतो, म्हणून ही मुदत अमर्याद ठेवावी असे पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेतच सुचविले आहे. आमच्याकडे कोणी ती ठेवली नव्हती. शिवाय छायाचित्रे लवकर चढावीत म्हणून दोन खुणांमधील अंतर ५ मिनिटांवरून तासाभरावर नेलेले होते आणि रोजकीर्दीची मर्यादा १ गिगाबाइटवरून कितीतरी वाढविलेली होती. खतावणी तुंबवून मिळविलेल्या वेगाचे देणे आता एकदम अंगावर आले होते.

एक गोष्ट मात्र आम्हांस घाबरविणारी होती. सर्व्हरच्या खऱ्या टिपांत, ज्या निराळ्या फोल्डरात असतात, एक इशारा वारंवार आला होता : दुरुस्ती चालू असतानाच व्यत्यय आला, बहुधा काही माहिती बिघडली असून शेवटच्या प्रतीवरून ती परत आणावी लागेल. शेवटची प्रत मे महिन्याची! कोषाध्यक्षांनी कपाळावर हात मारला. आमच्या विद्यार्थ्याने इशाऱ्यातील 'बहुधा' या शब्दावर बोट ठेवले. वाचन अर्ध्यावर तुटले, एवढेच यंत्रास ठाऊक असते. ते का तुटले हे त्यास कळत नाही. डिस्कच खराब असेल तर हा इशारा खरा ठरतो. म्हणून त्याने प्रथम लिनक्सच्या नोंदी पाहिल्या. डिस्क वाचताना चूक झाल्याचे त्यांत काही नव्हते. डिस्कवर जागाही शिल्लक होती. ती नसती तर सर्व्हर असाच वारंवार कोसळला असता. तेव्हा दुसरे काहीतरी हलवून जागा करावयाची असते, रोजकीर्द पुसून नव्हे. रोजकीर्द मोडीत काढून सर्व्हर बळेच उठविण्याची एक आज्ञाही पोस्टग्रेसमध्ये आहे, परंतु ती सर्व उपाय हरल्यावरची; तिने उठलेला सर्व्हर चालतो, उत्तरे देतो, आणि त्यांतील काही उत्तरे चुकीची असू शकतात.

मग त्याने सेवा पूर्ण थांबविली आणि रोजकीर्दीसकट सगळा डेटाबेस एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. यास सव्वा तास लागला. "सुरू करायचे सोडून हा नकला काय करीत बसला आहे?" असे कोषाध्यक्ष एकदा पुटपुटले. तो म्हणाला, "काका, आता माझ्या हातून काही बिघडले, तरी निदान आत्ता आहोत तिथवर परत येता आले पाहिजे." पुढे त्यांनी काही विचारले नाही, बाहेर जाऊन पाऊस पाहत उभे राहिले.

पावणेअकराला त्याने ९० सेकंदांची मुदत काढून टाकली आणि सेवा सुरू केली. आम्ही पुन्हा कागद घेऊन बसलो. '५ए', '५बी', आणि मग प्रथमच '५सी'. त्या दोन अक्षरांकडे आम्ही ज्या डोळ्यांनी पाहिले, त्या डोळ्यांनी परीक्षेचा निकालही कधी पाहिला नसेल. संचिका दोनशेच्या पुढे गेल्यावर टिपणे सोडून दिले. ३८ मिनिटांनी वाचन संपले, नवी खूण झाली, आणि सर्व्हर तयार असल्याची ओळ उमटली. तरीही त्याने मेजावरचे संगणक जोडू दिले नाहीत. आधी सगळ्या तक्त्यांची एक ताजी प्रत काढली; तक्त्यांतील ओळन् ओळ वाचल्याखेरीज ती निघत नाही, त्यामुळे ती तपासणीही ठरते. ती निर्वेध निघाली. मध्यरात्र उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिक्षिका नेहमीप्रमाणे आल्या. वीज गेली तेव्हा त्यांतील एक बाई एका हस्तलिखित अंकातील कवितेची नोंद भरीत होत्या. शीर्षक लिहून झाले होते, 'साठवा' म्हणावयाचे राहिले होते. तेवढी एकच नोंद मिळाली नाही. अंक मेजावर तसाच उघडा होता. बाईंनी चष्मा पुसला आणि ती नोंद पुन्हा भरली. नवी बॅटरी त्याच आठवड्यात आली. या खेपेस ठरावाची वाट कोषाध्यक्षांनी पाहिली नाही.