आधी तिला अक्षर तर दिसू द्या!

२०२२ साली शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात पाचवीतली एक मुलगी फळ्यावरचं उतरवून घेताना सारखी चुकायची. ‘लक्ष कुठे असतं गं तुझं?’ म्हणून मी तिला दोनदा रागावलेही. एके दिवशी ती डोळे बारीक करून फळ्याकडे बघताना दिसली आणि मनात चर्र झालं. दोन वर्षं ही पोर वडिलांच्या छोट्याशा मोबाइलवर शिकली होती.

तपासणीत दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. आजी म्हणाली, ‘पोरीच्या जातीला चष्मा? उद्या लग्न कसं जमायचं?’ मी म्हटलं, ‘मावशी, आधी तिला अक्षर तर दिसू द्या!’

मैत्रिणींनो, मोबाइलवरचा अभ्यास आता काही सुटायचा नाही. पण दर २० मिनिटांनी मुलांना २० सेकंद तरी २० फुटांवरचं काहीतरी बघायला लावा. स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. मोबाइल हातभर लांब असावा, खोलीत उजेड असावा. रोज दोनेक तास मुलांना बाहेर उजेडात खेळायला पिटाळा. त्याने लांबचं न दिसण्याचा धोका कमी होतो. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या. आणि हो, लागलेला नंबर गाजर खाऊन जात नाही बरं!

चष्मा लावून ती रस्त्यावर आली आणि ओरडली, ‘काकू, बसची पाटी इथूनच वाचता येतेय!’ रागावल्याबद्दल मी तिची तिथेच माफी मागितली.