तेल सोडलं, तरी यकृतावर चरबी का?

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ असं येतं आणि घरचे चक्रावतात, ‘पण हे दारूला शिवतही नाहीत!’ टाइप २ मधुमेह असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांच्या यकृतात जादा चरबी असते आणि ती साठायला दारूची गरज नसते. इन्सुलिनला शरीर नीट दाद देईनासं झालं, की अंगावरची चरबी सुटून रक्तावाटे यकृताकडे जात राहते. दारू घेतली तर नुकसान वाढतं, हे वेगळं.

‘तेल-तूप बंद केलं की झालं.’

सर्वाधिक घट्ट रुजलेला गैरसमज हाच. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अमेरिकी अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला गेला. जेवणातल्या स्निग्ध पदार्थांतून थेट आलेला वाटा होता सुमारे १५ टक्के. ५९ टक्के शरीरातल्या साठ्यातून आलेली, आणि २६ टक्के चरबी यकृताने मुख्यतः साखर आणि पिष्टापासून स्वतः तयार केलेली. म्हणून बिनतेलाची भाजी खाऊन वर भाताचा डोंगर रिचवला, तर यकृताला विश्रांती मिळत नाही. तेल मोजून वापरावंच, वनस्पती तूप आणि तळण टाळावं. पण नजर आधी भात, पोहे, मैदा, बिस्किटं आणि गोड चहाच्या फेऱ्यांवर हवी.

‘साखर नको, गूळ चालतो.’

नाही चालत. गुळाचा मोठा भाग साखरच असतो. मधातही फ्रुक्टोज भरपूर असतं आणि फ्रुक्टोजची चरबी बनवण्याचं काम मुख्यतः यकृतातच होतं. फळ चावून खावं. रस काढला की चोथा जातो आणि चार संत्र्यांची साखर एका पेल्यात उतरते.

भाकरीबद्दलही असंच. ज्वारी चांगली, तिच्यात तंतू जास्त. मात्र १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं आहेतच. दोन भाकऱ्यांऐवजी एक घ्या आणि मोकळी झालेली जागा उसळ, पालेभाजी, काकडी-मुळ्याच्या कोशिंबिरीने भरा. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावापुरती. एकादशीला तो खाऊन साखर चढते, यात नवल नाही.

‘मी बारीक आहे, मला कसं होईल?’

आपल्याकडे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी ठेवण फार दिसते. वजनकाटा काहीही सांगो, पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० च्या पुढे गेली, तर पोटातली चरबी वाढली आहे असं समजावं.

‘काढा घेऊन लिव्हर साफ होतं.’

यकृत धुऊन काढणारं औषध नाही. उलट गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. काढ्यापेक्षा वजनाकडे पाहावं. ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांनी ते सुमारे ५ टक्क्यांनी उतरवलं तरी चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के उतरवलं, तर यकृताचा दाहही ओसरू शकतो. म्हणजे ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो. हे सावकाश व्हावं. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जेवण घटवण्याआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नाहीतर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल.

‘एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे काळजी मिटली.’

रक्ततपासणीतला हा आकडा नॉर्मल असतानाही यकृत आतून घट्ट, चिवट होत गेलेलं असू शकतं, आणि पुढचा धोका ठरतो तो या घट्टपणावर. ‘फिब-४’ नावाचा हिशेब त्याचा प्राथमिक अंदाज देतो. त्याला लागतं फक्त वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. मधुमेहाच्या पुढच्या तपासणीला जाल, तेव्हा डॉक्टरांना तो मांडायला सांगा.